बापूच्या गच्चीवरची ब्लूबेरी

आमच्या शिवाजी पेठेत चार म्हातारी कट्ट्यावर टेकली की किस्से रानातल्या तणागत उगवत्यात. उपटावं तेवढं जास्तच! आन बापूच्या ब्लूबेरीचं तर रान माजलंय.

बापू माझा जुना दोस्त, रिटायर ड्रायव्हर. त्याची नात परदेशात, थंड मुलखात. फोनवर म्हणाली, "आजोबा, आमच्या अंगणात ब्लूबेरी हाय. तुमच्याकडं?"

बापू गप बसंल व्हय? "मे महिन्यात ये, गच्चीवरची तोडून खा!" दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीतल्या नर्सरीतनं रोप आणलं.

*

नर्सरीवाला म्हणलेला, माती आंबट पायजे. मी लगीच म्हणलो, "मग ताक घाल की!"

बापूनं खरंच तांब्याभर वतलं. आठ दिस गच्चीवर पेठेतली समदी मांजरं! वहिनी कावली, "झाड लावलंय का खानावळ काढलीया?"

*

मग कळलं, झाडाला गारवा लागतो. बापूनं गोळेवाल्याकडनं बर्फ आणून कुंडीभवती रचला.

मी गल्लीत बातमी सोडली, "बापूकडं कुणाला तरी लई ताप हाय, बर्फ लावल्यात!" तीन बायका शहाळी घिऊन हजर! बापूनं शांतपणानं तिन्ही शहाळी पिली.

*

डिसेंबरात कुंडी मांडीवर घिऊन बापू एसटीनं गगनबावड्याला निघाला, बहिणीकडं ठेवायला. मी शेजारी. खिडकी सताड उघडी!

मागनं एक आज्जी वरडली, "पावणं, खिडकी लावा, गारठलो की!"

"आज्जी, जरा शाल घ्या. हिला थंडी खायलाच न्यायलोय!"

कंडक्टर म्हणला, "मग टपावर बसवा की तिला!"

*

मे आला. कुंडी परत गच्चीवर. पानं दाट, फळ एक न्हाय. बापूचं जेवणावरनं मन उडालं. नात यायचा दिस उजाडला, दुपारी येणार.

मला काय ऱ्हावलं न्हाय. सकाळीच ब्लूबेरीगत काळी-गोल करवंदं आन काळा दोरा घिऊन गच्चीवर गेलो. बघतो तर वहिनी आधीच बसलेली! दोरा दातात, वाटीत करवंदं.

म्हणाली, "वरच्या फांदीला तुम्ही बांधा भावजी, माझा हात पोचत न्हाय."

दुपारी पोरगी आली. एक तोडलं, खाल्लं, डोळं मिटलं. "आजोबा, आमच्यापेक्षा भारी!"

बापूनं टावेलानं तोंड पुसलं, लई येळ पुसलं. पोरगी खाली पळाली तसं माझ्या कानाला लागला,

"गाठी जरा सैल मारायच्या की रं! पोरीला वडताना जोर लागला."