दुधाच्या पिशवीतले अकरा स्विच

दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही. चपला काढता काढताच बाईंचा प्रश्न यायचा, "हवा कुठून जाते?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी गोंधळून जिन्याकडे बोट दाखवलं होतं. मी निवृत्त भूगोलशिक्षक. तीस वर्षं नारायण पेठेतल्या मुलांना मोसमी वारे, व्यापारी वारे, सगळे वारे शिकवले. पण तुमच्या घरातली हवा कुठून जाते, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"दुकानातून आलेय. गॅस गीझरची फिटर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे पाहिलं. फिटर मागून जिना चढत असेल, असं मला वाटलं. तुम्हीही पाहिलं असतं, उगाच मला नावं ठेवू नका.

पन्नाशीच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, पंजाबी ड्रेसवर पुरुषी खाकी शर्ट, खिशात टेस्टर. विश्रांतवाडीहून स्कूटरवर यायच्या. पुढे आमची सगळी बिल्डिंग त्यांना गीझरबाई म्हणायला लागली. त्या स्वतः मात्र फोनवर कायम "फिटर बोलतेय" एवढंच म्हणत.

दुकानातला सगळ्यात मोठा गीझर मी पसंत केला होता. पुढे काच, काचेत लाल आकडे. बाईंनी खोक्याकडे नुसतं पाहिलं.

"माणसं किती?"

"दोघं."

"बादली की शॉवर?"

"बादली."

"मग एवढा कशाला? लग्न निघालंय का घरात?"

आणि त्यांनी तो खोका परत पाठवून लहान गीझर मागवला. मी म्हटलं, "तुमच्या मालकांना आवडेल का हे?" तर म्हणाल्या, "त्यांना कुठे इथे आंघोळ करायचीय?"

गीझर कुठे लावायचा तेही मी ठरवून ठेवलं होतं. बाथरूममध्ये, नळाच्या बरोबर वर, पेन्सिलीने चौकोन आखून. बाईंनी ओल्या बोटाने चौकोन पुसला.

"बाथरूमच्या आत मी गीझर लावत नाही."

"अहो, सगळे लावतात."

"मग सगळ्यांना विचारून या, सर. मी बसते तोवर."

गीझर अर्थातच बाहेर ड्राय बाल्कनीत लागला. आमची ड्राय बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन आणि एक माणूस मावेल एवढी जागा. तिच्या आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीत वर एक झरोका आहे. गीझर बसवून झाल्यावर बाईंनी पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली आणि गीझरशेजारी धरून निश्चल उभ्या राहिल्या. माझ्या बायकोने लगबगीने पदर सावरून हात जोडले. मला म्हणाली, "बघा, नव्या वस्तूची पूजा करायचं वळण आहे हो." मीही भक्तिभावाने डोळे मिटले.

"पूजा नाही, वहिनी," बाई म्हणाल्या. "आमच्यात पूजा नसते. धूर बघतेय."

धूर सरळ कठड्यावरून बाहेर गेला. मग त्यांनी आम्हां दोघांना समोर उभं करून समजावलं. ज्योत हवा खाते. तिला पुरेशी हवा मिळाली नाही की ती एक वायू सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. "माणसाला नुसती गुंगी येते," त्या म्हणाल्या. "मग तो उठत नाही." एवढं बोलून त्यांनी चहा मागितला आणि तो उभ्यानेच प्यायला.

पुढे आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा घरांचे गीझर त्यांच्याच हाताखाली आले. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. झाकण उघडायचं, काजळी झाडायची, ज्योत पिवळी असेल तर निळी होईपर्यंत हलायचं नाही, आणि शेवटी उदबत्ती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी एकदा ज्योत "निळसर आहे की" म्हटलं, तर त्यांना ऐकावं लागलं, "निळसर तुमची साडी आहे. ज्योत पिवळीच आहे."

आमचे चेअरमन पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांनी एकदा जिन्यात, माझ्यादेखत, गीझरबाईंना अडवून विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?" पेठेत हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. बाईंनी पान्यावरची काजळी शर्टाला पुसली.

"आडनावाने गीझर पेटत नाही, साहेब. बॅटरीने पेटतो. तुमची संपलीय."

मी तेव्हा हसलो. चेअरमनना चार शब्द सुनावायला हवे होते, ते मात्र सुनावले नाहीत. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जायचो. ही गोष्ट मला अजून बोचते.

मग कबुतरं झाली. पुण्यात राहणाऱ्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. ड्राय बाल्कनीत अंडी, मशीनवर विष्ठा, पहाटेपासून घुमणं. डिसेंबरच्या सभेत ठराव झाला की सगळ्या ड्राय बाल्कन्या अॅक्रिलिकच्या पत्र्यांनी वरपासून खालपर्यंत बंद करायच्या. ठराव मी लिहिला, खाली सहीही माझीच. पाच कलमं, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. आठवड्याभरात पत्रे लागले आणि कबुतरं समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली. मी फार खूश होतो.

जानेवारीत बायकोला चक्कर येऊ लागली. आंघोळ करून आली की डोकं धरून बसायची. निदान मीच केलं. "उपास कमी कर," मी म्हणालो. तिने शनिवार सोडला. चक्कर तशीच राहिली. मग मी म्हणालो, पित्त असेल.

सर्व्हिसिंगला बाई आल्या. प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या नुसत्या पत्र्याकडे बघत राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"सोसायटीने."

"सोसायटी म्हणजे कोण, सर?"

त्यांनी गीझर चालू करून उदबत्ती पेटवली. धूर वर गेला, छताला लागला, वळला आणि झरोक्यातून बाथरूममध्ये शिरला.

"पत्रा काढा."

"ठराव झालाय, बाई. आता पुढच्या सभेत विषय घ्यावा लागेल."

"तोवर आंघोळी कोण करणार?"

मी सभेची नियमावली सांगू लागलो. त्यांनी वाद घातला नाही. सर्व्हिसिंग केलं आणि चहा न घेता गेल्या. तिथेच मला संशय यायला हवा होता. दिवसभरात त्यांनी अकराही घरं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगमध्ये एकही गीझर पेटेना. लोकांनी नव्या बॅटऱ्या आणल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बॅटऱ्या संपल्या, तरी पेटेना. मग माझ्या मोबाईलवर निरोप आला : "प्रत्येक गीझरमधला स्विच मी काढून नेला आहे. पत्रे काढा, त्याच दिवशी बसवून देते. फिटर."

करंगळीच्या पेराएवढा काळा स्विच असतो तो. पाणी सुरू झालं हे गीझरला तोच सांगतो. तो नसेल तर नळ सोडून हरिपाठ म्हटला तरी ज्योत येत नाही.

बिल्डिंग पेटली. गीझर सोडून सगळं पेटलं म्हणा ना. चेअरमननी दुकानात फोन करून दुसरा फिटर बोलावला. मिशीवाले, पोक्त गृहस्थ होते. त्यांनी चेअरमनचा गीझर उघडला, आत पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं.

"हे कोणी काढलं?"

चेअरमननी सांगितलं. गृहस्थ पत्र्याकडे बघून म्हणाले, "मग बरोबर आहे. त्यांनी काढलेला मी नाही लावणार," आणि जिना उतरून गेले. नंतर कळलं, शहरातले बरेचसे गीझर फिटर सकाळी एकाच टपरीवर चहा पितात, आणि त्या टपरीवर बाईंचा शब्द चालतो.

रविवारी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. बाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आल्या, स्कूटर लावली आणि सरळ टेबलाशी आल्या.

"ही चोरी आहे," चेअरमन म्हणाले. "मी पोलिसांत देणार आहे."

"द्या. का काढले तेही तक्रारीत लिहा. नाही तर मी शेजारी बसून सांगते."

त्यांनी धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी टेबलावर ओतली. अकरा स्विच होते, प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर घराचा नंबर.

"ज्याला पत्रा न काढता स्विच पाहिजे त्याने आपल्या हाताने उचलावा," त्या म्हणाल्या. "फक्त इथे लिहून द्यावं, की बाईंनी मला सांगितलं होतं. खाली सही. बस."

कोरा कागद आणि पेन त्यांनी शेजारी ठेवलं. बावीस-चोवीस माणसं त्या कागदाकडे बघत उभी होती. पेनाला कोणी हात लावेना. शेवटी चेअरमनचा हात पुढे झाला.

"थांबा," कोणीतरी म्हणालं. ती माझी बायको होती. चाळीस वर्षांच्या संसारात ती सभेत कधी बोलली नव्हती. "मला तीन आठवडे आंघोळीनंतर चक्कर येत होती. मंगळवारी तर पाय उचलेनात, भिंत धरून बाहेर आले. गीझर बंद पडल्यापासून एकदाही आली नाही."

भिंत धरून बाहेर आली, हे मला तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आणखी एक उपास सोडायला लावला असता. शेजारच्या खोलीत मी पेपर वाचत होतो, आणि माझ्याच सहीने माझी बायको मरायला निघाली होती. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की वर मान करवेना.

बाईंनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"आणि सर, ठराव?"

"मोडला," मी म्हणालो. चेअरमनकडे बघून म्हणालो, जिन्यातलं उसनंही फेडायचं होतं. "आणि बाईंशी बोलताना जरा नीट बोला. त्यांनी आपली माणसं वाचवली आहेत."

मी वर गेलो आणि माझ्या हाताने माझा पत्रा काढला. संध्याकाळपर्यंत दहा घरांचे पत्रे खाली आले आणि दहा घरांत गीझर पेटले. चेअरमननी पत्रा काढला नाही आणि सहीही केली नाही. ते विजेचा गीझर घेऊन आले आणि तोच कसा चांगला, हे आजतागायत सांगतात. त्यांचा स्विच पिशवीतच राहिला.

दुकानाने बाईंना काढून टाकलं. मी भेटायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, खचल्या असतील.

"दुकान गेलं," त्या म्हणाल्या. "पाना माझाच आहे."

त्यानंतर त्या स्वतःच्या हिमतीवर यायच्या. गुडघे धरले होते, दर मजल्यावर थांबून शिव्या घालायच्या, आर्किटेक्टला. एका वर्षी त्यांनी मला स्टुलावर चढवलं आणि स्विच कसा काढायचा ते शिकवलं. मी म्हटलं, या वयात मला कशाला? "लावायला कोणीही मिळेल, सर," त्या म्हणाल्या. "काढायला माणूस लागतो."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला. आई गेली, तुमच्या नावाची एक पिशवी आहे. आम्ही दोघं विश्रांतवाडीला गेलो. बुद्धाच्या तसबिरीपुढे त्यांचा फोटो होता, पुढे मेणबत्ती आणि उदबत्ती. बायकोने हात जोडले. मी धुराकडे बघत होतो. खिडकी सताड उघडी होती आणि धूर सरळ बाहेर जात होता. मला रडू आवरेना.

आता बिल्डिंगमध्ये नवी कमिटी आहे. निम्मे लोक भाडेकरू, ती सभा कोणाला आठवत नाही. कबुतरं परत आली आहेत. गेल्या आठवड्यात मोबाईलवरच मतदान झालं, विरोधात माझं एकट्याचं मत. काल पार्किंगमध्ये नवे पत्रे येऊन पडले, आज कारागीर आले आणि दुपारपर्यंत दोन मजले बंद करून गेलेसुद्धा.

मी टेस्टर घेतला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, उदबत्तीचा पुडा घेतला. त्यांच्या मुलीने दिलेली दुधाची पिशवी रिकामी केली, आतला चेअरमनचा स्विच देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

"मजले किती आहेत आठवतंय ना? आणि गुडघे?" बायकोने विचारलं, आणि चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं.

चौथ्या मजल्यावर नव्या बिऱ्हाडाची बेल दाबली. दार एका तरुण मुलीने उघडलं. तिने माझ्या हातातली उदबत्ती पाहिली आणि अदबीने बाजूला झाली.

"या ना काका. पूजा आहे का आज?"

"नाही," मी चपला काढता काढता म्हणालो. "हवा कुठून जाते?"