विहीणबाईंच्या साडीतला हात

मी एकदा परतूरहून जालन्यापर्यंत तीन हातांनिशी प्रवास केला आहे. तिकीट मात्र एकाच माणसाचं काढलं होतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण हिशेबात घोळ मला चालत नाही.

पोरीची, पुष्पाची, पहिली दिवाळी होती. त्या उन्हाळ्यातच तिचं लग्न मंठ्याला झालं होतं. जावयाला दिवाळसणाला बोलावलं, तेव्हा विहीणबाईंनाही आग्रहाचं आमंत्रण गेलं. (आग्रह माझ्या बायकोचा. मी पोस्टकार्डावर फक्त सही केली.) आता विहीण घरी येणार म्हणजे साडी आली. आणि विहीणबाई अशा, की त्यांनी लग्नात आमच्या आहेरातलं एक-एक पातळ उजेडाकडे धरून पाहिलं होतं.

"अहो, साडी चांगली आणा," बायको म्हणाली. "लेकीला तिथं नांदायचंय."

मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. चांगलं आणि स्वस्त या दोन रकमा एकाच रकान्यात बसवणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. जालन्याला मोठ्या रस्त्यावर एका कापडदुकानात दिवाळीचा जंगी सेल लागल्याचं कानावर आलं आणि मी दुपारची गाडी धरली.

दुकानात माणसांवर माणसं पडत होती. मला मात्र गर्दीत फक्त ती दिसली. दर्शनी काचेच्या आत उभी होती. बाईचा पुतळा. गोरापान, गुळगुळीत, ओठ किंचित उघडे, जणू काही सांगता सांगता थांबलेली. अंगावर मोरपंखी रंगाची, जरीच्या काठाची सुंदर साडी, एका हातात हिरव्या बांगड्या. मी डावीकडे सरकलो, तर तिची नजर डावीकडे. उजवीकडे सरकलो, तर उजवीकडे. मी चटकन किमतीच्या चिठ्ठीकडे पाहिलं. चिठ्ठीकडे पाहिलं की मला धीर येतो. तीच साडी घडीत घेतली तर पूर्ण किंमत. पुतळ्याच्या अंगावरची घेतली तर अर्धी!

"हीच द्या," मी म्हणालो.

रशीद नावाचा विक्रेता होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, दुसरी पाहा ना. दिवे लागायच्या टायमाला बाईला हात न्हाई लावत आमी."

"का?"

"रोज शटर लावताना तिचं तोंड रस्त्याकडं करून जातो आमी." त्याने आवाज उतरवला. "सकाळी येतो तं दुकानाकडं असतं."

"घूस असेल," मी म्हणालो. (एवढ्या उंच पुतळ्याला घूस कशी फिरवणार, याचा हिशेब मी केला नाही. अर्धी किंमत दिसली की माझे बाकीचे हिशेब बंद पडतात.)

रशीद काहीतरी पुटपुटत काचेच्या आत शिरला. मान एकीकडे फिरवून, डोळे मिटून त्याने टाचण्या उपसल्या, साडी ओढली, गोळा केली आणि जल्दी जल्दी कागदात गुंडाळून सुतळीने करकचून बांधली. पुडकं हातात घेतलं तर चांगलं जड लागलं. मला समाधान वाटलं. अर्ध्या किमतीत एवढं वजन!

घरी येऊन पुडकं लोखंडी कपाटात ठेवलं. सकाळी बायको चेहरा पाडून म्हणाली, "अहो, कपाटात बांगड्या वाजून राह्यल्या."

"तुझ्याच असतील."

"माझ्या सगळ्या माझ्या हातात हायत."

आणि मला ऐकू आलं. बारीक, काचेचं किणकिण. जणू बंद कपाटात बसून कुणी हळूच हात झटकतंय. मग थांबलं. दुपारी पुन्हा झालं. आमचं घर रुळांना लागून, गाडी गेली की भांडीही थरथरतात, हे मला ठाऊक होतं. आवाज नेमका गाडीच्या वेळेलाच होतो, हेही माझ्या ध्यानात आलं. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की ती जी कोण आहे तिला गाड्यांचं वेळापत्रक पाठ आहे. त्यानंतर कपाट उघडायला घरात कुणी तयार होईना.

संध्याकाळी पाहुणे आले. जावई, पुष्पा आणि पाठोपाठ विहीणबाई. दिवेलागण झालेली, आमचा एकुलता एक बल्ब नेहमीसारखा मंद पिवळा. बायकोने विहीणबाईंना पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. मी देवाचं नाव घेऊन कपाट उघडलं आणि पुडकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"वजनदार हाय," विहीणबाई खुशीत म्हणाल्या. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

त्यांनी सुतळी सोडली. कागद उलगडला. पदर जरा उचलला आणि त्यातून पाच बोटं बाहेर आली.

लाल नखांची, गोरीपान पाच बोटं. मग मनगट, हिरव्या बांगड्या, कोपर. तो हात पदरातून घसरत घसरत त्यांच्या मांडीवर आला आणि तळवा वर करून थांबला. जणू काही मागतोय. त्याच क्षणी बाहेर गाडी धडधडली आणि बांगड्या किणकिणल्या.

जावई पाटावरून उठला तो थेट अंगणात दिसला. पुष्पाने तोंडात पदर कोंबला. विहीणबाई मात्र ओरडल्या नाहीत. ते फार वाईट होतं. त्या हाताकडे बघत बसल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"इवाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "लगनात तुमी लेकीचा हात दिला, तो आमी घेतला. आता हा कुणाचा?"

"पुतळ्याचा," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी त्या वेळी काही सुचलं नसतं.

"म्हंजी ही साडी पुतळ्याला नेसवलेली व्हती?"

"नेसवलेली होती. पण नेसलेली नाही," मी फरक समजावून सांगितला.

नव्या साडीची घडी मोडणं म्हणजे ती पहिल्यांदा नेसणं. आमच्याकडे बाया ती साडी एखाद्या लाडक्या सवाष्णीला आधी नेसायला देतात, म्हणतात, तू घडी मोड. तिचं सुख साडीला लागावं म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. फक्त सेलमध्ये आठवलं नाही.

"जीव न्हाई त्या बाईनं घडी मोडलेली साडी मला नेसवून राह्यले तुमी?" विहीणबाईंचा आवाज आता चढला. "मी न्हाई थांबत. उद्याच्या यष्टीनं निघते. आन् सुनेला, पोराला घेऊनच निघते!"

मी पुष्पाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पहिला दिवाळसण अर्ध्यावर मोडला तर पोरीला तिथे जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"उद्या संध्याकाळच्या आत कोऱ्या घडीची साडी आणतो," मी म्हणालो. "तेवढं थांबा."

"थांबते. पण तवर तुमच्या घरच्या फराळाला शिवनार न्हाई."

"आन् तो हात न्या आधी," बायको दाराआडून म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं, हात आणून पहिल्यांदाच पाहिलं!"

सकाळी पिशवीत साडी आणि हात घेऊन गाडीत बसलो. पिशवी आखूड, हात लांब. कितीही दाबला तरी बोटं वर यायचीच. दिवाळीची गर्दी होती. समोरच्या बाईने आधी बोटं पाहिली, मग माझं तोंड पाहिलं, मग पोरं उचलून पुढच्या बाकावर गेली. तिच्यामागे शेजारचा गेला. त्याच्यामागे त्याचा शेजारी. सणाच्या दिवसांत पॅसेंजरमध्ये पाय पसरून बसलेला मराठवाड्यातला मी एकटाच असेन! तिकीट तपासनीस आला, पिशवीकडे बघून तसाच मागे वळला. मी उठून तिकीट पुढे केलं.

"राहू द्या, राहू द्या!" तो ओरडला आणि पुढच्या स्टेशनावर डबाच बदलला.

दुकानापाशी पोचलो, काचेकडे पाहिलं आणि पाय जमिनीला चिकटले. ती उभी होती. अंगावर आता लाल साडी. आणि तिला दोन्ही हात होते.

मी पिशवीत पाहिलं. हात होता. काचेत पाहिलं. दोन होते. एकूण तीन. मी पुन्हा बेरीज केली.

शेठ गल्ल्यावर होते. "काय पाहिजे?"

"हा हात परत करायचाय."

"विकलेला माल परत घेतला जाणार न्हाई." त्यांनी मान वर न करताच डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं.

"मी हा विकत घेतलेला नाही. पावतीत फक्त साडी आहे. म्हणजे हा विकलेला माल नाही."

"मंग आमचा न्हाईच!" शेठने आता मान वर केली. "आमची बाई बराबर हाय. दोन हात हायत. हा तुमी कुठून आणला, ते तुमचं तुमी पाहा."

"साडी तरी बदलून द्या. हिची घडी तुमच्या बाईने मोडलीय."

"मंग तिलाच इचारा," शेठ म्हणाले. दोन-चार गिऱ्हाइकं हसली.

मी खरंच काचेपाशी गेलो. विचारायला नव्हे, पुन्हा मोजायला. ती माझ्याकडेच बघत होती. दोन हात, दहा बोटं, सगळं बरोबर. तरी काहीतरी चुकत होतं. ताळेबंद जुळतो आणि तरी आत कुठेतरी रक्कम खोटी आहे असं वाटतं, तसं. मी माझे दोन्ही हात तिच्यासारखे पुढे धरले. आणि चूक सापडली.

तिचे दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते. दोन्ही हात डावे होते!

"रशीदभाई," मी कसाबसा म्हणालो, "हा दुसरा हात कुणी लावला?"

रशीदचा चेहरा पांढरा पडला होता. "आमी कुणीच न्हाई, साहेब. सकाळी शटर उघडलं तं लागलेला व्हता. अल्लाची शपथ."

साड्या चाळणाऱ्या बायकांचे हात थबकले.  बाहेर कुणीतरी फटाका लावला आणि एक आजीबाई "आई गं!" म्हणून मटकन खाली बसल्या. काचेतली बाई, देवाशप्पथ, जराशी हलली.

"तिला हात फुटून राह्यलाय!" एक बाई किंचाळली, आणि निम्मं दुकान पायऱ्या उतरलं.

"अरे, मी लावला! मी!" शेठ गल्ल्यावर उभे राहून ओरडले. "मीच लावला, गोदामातल्या जुन्या पुतळ्याचा! उजवा सापडंना म्हणून डावा लावला! थांबा, बायांनो!"

पण सेलला आलेली माणसं एकदा पळायला लागली की शेठचं ऐकत नाहीत. पायरीवरून कुणीतरी विचारलं, "मंग तोंड रोज कोण फिरवतं?" त्यावर शेठ गल्ल्यावरून खाली उतरले. रशीद माझ्याकडे बघून फक्त मान हलवत राहिला.

पुढचं काम झटपट झालं. शेठने स्वतःच्या हाताने तशीच मोरपंखी साडी, कोऱ्या घडीची, कागदात घालून दिली. "ही घ्या, आन् तो हात ठेवून जा. जल्दी!"

मी हात ठेवला, पण पावतीवर "उजवा हात एक, बांगड्यांसह, जमा" असं लिहून घेतल्याशिवाय निघालो नाही. आता नव्या साडीत काही नाही ना, हे पाहायचं होतं. पण उलगडावी तर घडी मोडणार! गाडीत बसून मी घडी न उलगडता पुडकं सगळीकडून दाबत राहिलो. येतानाही बाक रिकामाच मिळाला.

विहीणबाईंनी घडी तपासली, उजेडाकडे धरली, आणि बशीतला लाडू उचलला. बायकोने श्वास सोडला. पुष्पा हसली. जावई अंगणातून घरात आला. दोन दिवस मी सगळ्यांना ऐकवत होतो, भूत-बित काही नसतं, पुतळा म्हणजे नुसतं प्लॅस्टर, भित्रेपणा माणसाच्या डोक्यात असतो, वगैरे.

पाडव्याच्या संध्याकाळी वीज गेली. बायकोने अंगणभर पणत्या लावल्या. मी विहिरीवरून पाण्याची बादली घेऊन आलो आणि समोर, अंधाऱ्या दारात, ती उभी होती. मोरपंखी साडी. काठ पणत्यांच्या उजेडात चमकत होते. डोक्यावर पदर. चेहरा पिवळा, निश्चल. पायापुढे रांगोळी होती, ती मोडू नये म्हणून पाऊलही हलत नव्हतं. आणि एक हात पदराच्या आत.

बादली माझ्या हातातून सुटली. निम्म्या पणत्या विझल्या.

"इवाई? काय झालं?" ती म्हणाली.

यावर "काही नाही, पाय घसरला" म्हणायला हवं होतं. साधी गोष्ट. पण मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "विहीणबाई, आधी दुसरा हात दाखवा हो! आणि अंगठा कुठल्या बाजूला आहे तेही!"

पुष्पाचा संसार उत्तम चालला आहे. वर्षातून एकदा मी मंठ्याला जातो. आजही मी अंगणात पाऊल टाकलं की त्या घरातली सगळी माणसं, विहीणबाईंपासून नातवापर्यंत, ओळीने ओसरीवर उभी राहतात, दोन्ही हात पुढे करून दाखवतात, आणि मगच मला रामराम घालतात. मी बाकी काही बोलत नाही. एकदा अंगठे तेवढे बघून घेतो.