कोणासमोर कोण

आमची बाय चेंडूकडे कधी बघायची नाही. टीव्हीवर बास्केटबॉल लागलेलं असायचं, दहा माणसं चेंडूमागं धावायची, माझी मान चेंडूबरोबर इकडून तिकडं व्हायची, आणि ही डोळे एकाच जागी लावून बसलेली. मी म्हणायचो, "अगो, चेंडू तिकडं गेला." ती म्हणायची, "जाऊ दे. चेंडू काय पळून जातोय? तुम्ही कमरेकडं बघा. माणूस डोळ्यानं फसवतो, हातानं फसवतो, पण कंबर वळली का तिकडंच जाणार. कंबर खोटं बोलत न्हाय."

बाय म्हणजे माझी बायको. कामतघरच्या आमच्या चाळीत लहानथोर सगळे तिला बायच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती. आता मारावीशी वाटते, तर ओ द्यायला ती नाही.

तिचं माहेर पडघ्याच्या अलीकडं. लग्नाआधी ती गावच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळायची, डावा कोपरा. चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात, कोपऱ्यातल्या खेळाडूचं कोणी नाव घेत नाही. तो गुडघ्यात वाकून उभा राहतो आणि समोरच्याचा घोटा बघत बसतो. लग्न झालं आणि खेळ संपला. सुनेनं मैदानात उतरायचं हे आमच्याकडं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. माझ्याही आलं नाही. पण घोटा धरायची तिची सवय गेली नाही. आमचा दीपक लहानपणी मार चुकवून पळायला लागला की ही भाकऱ्या थापता थापता हात लांब करून त्याचा घोटा पकडायची आणि म्हणायची, "चला साहेब, चढाई संपली."

बास्केटबॉल आमच्या घरात आलं ते केबलवाल्याच्या घोळानं. दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. मी कापडाच्या कारखान्यात लूमवर रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो, तेव्हा टीव्हीवर अभंग चालू असायचे. एके दिवशी आलो तर त्याच नंबरावर ताडामाडाएवढी माणसं धावत होती आणि बाय केबलवाल्याच्या नावानं शिव्या घालत होती. शिव्या घालता घालता ती बघत बसली. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडं उजाडतं, म्हणून त्यांचे मोठे सामने आमच्या चहाच्या वेळेला लागायचे. दोन दिवसांनी केबलवाला दुरुस्त करायला आला, तर ही म्हणते, "राहू दे रे भाऊ. देव काय, कधीपण भेटतो."

नावं तिला येत नव्हती आणि यायची गरजही नव्हती. निळ्या संघात एक मोठा खेळाडू होता. सगळे त्याच्याकडं चेंडू द्यायचे, आणि दुसऱ्याला अडवायची वेळ आली की हा कमरेवर हात ठेवून उभा. तो जावई. "सासरवाडीला आलाय. जेवायचं तेवढं माहीत, पाट उचलायचा न्हाय." पांढऱ्या संघातला सगळ्यात उंच तो उंट. पांढऱ्यांचाच एक बुटका, जाळीत चेंडू काही टाकायचा नाही, नुसता समोरच्याला चिकटायचा. तो गोचीड. बायचा जीव त्या गोचिडावर. आणि पांढऱ्यांना शिकवणारा कोटातला माणूस, तो टायवाला.

त्या सामन्यांची एक रीत आहे. तेच दोन संघ पुन्हा पुन्हा खेळतात, सातातले चार जिंकेल तो पुढं जातो. मला ते कंटाळवाणं वाटायचं. बायला तेच आवडायचं. "एका दिवसाची मॅच म्हंजे रस्त्यावरचं भांडण," ती म्हणायची. "ही भाऊबंदकी हाय. काल तुम्ही काय केलं ते त्याला ठाऊक, त्यानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक, आणि उद्या पुन्हा एकमेकाचं तोंड बघायचं. हितं जोर चालत न्हाय. कोणासमोर कोण उभा करायचा, एवढंच चालतं."

पहिल्या दोन सामन्यांत टायवाल्यानं जावयासमोर उंट उभा केला. जावई एक हूल द्यायचा, उंट तिकडं झुकायचा, आणि हा इकडून निघून जायचा. बाय कपाळावर हात मारायची. "अरे, उंच माणसासमोर उंच माणूस कशाला? गोचीड बाकावर बसलाय, त्याला लाव. जावई उजव्या हाताचा हाय. उजवी वाट बंद कर, डावी उघडी ठेव, आणि त्या डाव्या वाटेच्या टोकाला उंट उभा कर. येऊ दे मंग." तिसऱ्या सामन्याला टायवाल्यानं तसंच केलं आणि पांढरे जिंकले. मी म्हणालो, "तुझं ऐकलंन गो त्यानं." ती म्हणाली, "ऐकलंन न्हाय. दोनदा तोंडावर पडला तवा सुचलं. सगळ्यांचं तसंच असतं, तुमचंपण."

पण पुढच्या सामन्याला निळ्यांनी डाव उलटवला. जावई पळताना आपलाच एक धिप्पाड गडी मध्ये उभा करायचा. गोचीड त्या धिप्पाडावर आपटून अडकायचा, आणि जावयासमोर पुन्हा दुसराच कोणीतरी यायचा. मला काही कळेना. बायनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ह्याला आडोसा म्हंतात. नळावर बघत न्हाय का तुम्ही? शेजारीण भांडायला येते ती आपल्या सासूला पुढं करून. आपण सासूला 'काकू बऱ्या हाव ना' म्हणेपर्यंत ही मागनं हंडा भरून पसार. जोडी बदलली का संपलं. आडोसा येऊ दे, आपटू दे, खरचटू दे, आपला माणूस सोडायचा न्हाय." ह्या आडोशाचं तिला आधी सुचलं नव्हतं, हेही तिनं सांगितलं. "मी चुकले," म्हणाली. मॅच चुकली तरी ती असं म्हणायची, आणि भाजी खारट झाली तरी.

हे सगळं चाललेलं असताना बाय आजारी होती. साखरेनं तिच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. वरचेवर ठाण्याच्या दवाखान्यात नेऊन मशीनला लावावं लागायचं. त्या मालिकेचा शेवटचा सामना नेमका मशीनच्या सकाळी आला. रिक्षात बसताना मला म्हणाली, "नीट बघा आणि मला सांगा." मी बघितला. आमची नात मनू, दीपकची मुलगी, तेव्हा दुसरीत होती, ती माझ्या मांडीला टेकून बसली होती.

दुपारी बाय आली ती पिळलेल्या कपड्यासारखी. आल्या आल्या विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, पांढरे हरले, थोडक्यात हरले, जावयानं शेवटी चेंडू टाकला. ती चिडली. "ते राहू द्या. गोचिडानं काय केलं?" मला सांगता येईना. मी चेंडूच बघत होतो. तेवढ्यात मनू म्हणाली, "आजी, त्यानं सोडला न्हाय त्याला. तो मोठा माणूस मध्ये आला ना, तर हा पडला. मंग उठला आणि परत त्याच्याच मागं गेला. चेंडू गेला तरी त्याच्याच मागं होता."

बाय मनूकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हरले तर हरले." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मला वाटलं, दमली असेल.

पावसाळा सरता सरता तिची तब्येत खालावली. डॉक्टरनं दीपकला बाजूला घेऊन सांगितलं, पण बायला ते आधीच कळलं होतं. डॉक्टरच्या कमरेकडं बघून कळलं असेल. एका संध्याकाळी तिनं आम्हाला सगळ्यांना समोर बसवलं. "डॉक्टरसमोर सूनबाई," ती म्हणाली. "ती कमी बोलते, पण विचारलेलं सोडत न्हाय. भावकीसमोर दीपक. कोणी अंगारा आणील, कोणी वज्रेश्वरीच्या कुंडात बुडवा म्हणेल, त्याला दारातच चहा पाजून वाटेला लावायचं. आत माझ्यापर्यंत येता कामा न्हाय."

मी म्हणालो, "आणि मी?"

"तुम्ही मनूसमोर."

माझं डोकंच फिरलं. "बायको माझी मरायला टेकलीय, आणि मी पोरीच्या वेण्या घालत बसू?" घरात मरणाचं कोणी बोलत नव्हतं. मी बोललो. मला गोड बोलता येत नाही, कधी आलंच नाही.

ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलाव का रडताव. तुम्ही रडलाव का मी वाकते. मला आता वाकून चालायचं न्हाय, दम पुरणार न्हाय. पोरीसमोर तुम्ही रडणार न्हाव, मला ठाऊक हाय. तिला जेवाय घाला, शाळेत सोडा, आजी कुठं हाय म्हणाली तर खरं सांगा. आणि जागा सोडू नका."

मी जागा सोडली नाही. ती दवाखान्यात, मी कामतघरात. मनूचा डबा, मनूचा गृहपाठ, मनूचं वाहतं नाक. मी रात्रपाळी सोडून दिवसपाळी मागून घेतली. शेठ कुरकुरला, पण त्यानं दिली. लूमवरचा धावता धोटा जरा कुठं अडकला की मनात यायचं, आता काय चाललं असेल तिकडं. पण गेलो नाही.

शेवटी तिनंच बोलावलं. मी तिच्या खाटेजवळ ताठ उभा राहिलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, खाली बघितलं आणि हसली. "आज कंबर सरळ हाय तुमची." मी म्हणालो, "हाय." मग मनूच्या शाळेचं विचारलं, तांदूळ आणलाव का विचारलं, आणि म्हणाली, "जा आता. पोरगी शाळेतनं येईल." एवढंच बोलणं झालं. मॅच सोडली तर ह्याच्यापेक्षा जास्त आम्ही आयुष्यात कधी बोललो होतो, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनूच्या वेण्या घालत होतो. एक झाली होती. फोन आला, सूनबाईचा. मी ऐकलं, फोन ठेवला, आणि दुसरी वेणी घातली. रिबीन बांधली. मग मनूला माझ्याकडं वळवून खरं सांगितलं. ती रडली. मी रडलो नाही. बायनं सांगितलं होतं तसंच केलं.

त्यानंतर ती पोरगी माझ्या मागं लागली ती कायमची. मी जेवलो नाही तर ताट घेऊन समोर बसायची. मी खाडीकडं एकटा चाललो की चपला घालून हजर. "कुठं चाललाव आजोबा?" लूमचं काम कायमचं सुटल्यावर मी अंथरुणातून उठेनासा झालो, तर दारात बादली आपटायची आणि म्हणायची, पाणी गरम केलंय, थंड झालं तर पुन्हा करणार न्हाय. कुणी पाहुणे आले, कोणाचं लग्न निघालं, तिची परीक्षा आली, तरी संध्याकाळी ती माझ्यापुढं येऊन बसणारच. मी वैतागायचो. "माणूस हायस का गोचीड?" ती खुदकन हसायची.

गेल्या महिन्यात तिचं लग्न झालं. आदल्या दिवशी हळदीच्या गडबडीतून उठून माझ्याकडं आली. पिवळे हात, पिवळे पाय. म्हणाली, "आजोबा, एक सांगायचंय. आजीनं मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"ती दवाखान्यात जायच्या आधी. मला म्हणाली, ह्या घरात चेंडू बघत न्हाय ती तू एकटी. आजोबासमोर तू. आडोसे येतील. शाळा येईल, मैत्रिणी येतील. पडलीस तर उठ आणि त्यांच्याच मागं जा. आणि त्यांना कळू देऊ नको."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्या पोरीसमोर उभा आहे.

मनूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता मी चालले. आता तुमच्यासमोर कोण?"

मी तिच्याकडं बघितलं. तोंड माझ्याकडं होतं, हात माझ्या हातात होता, पण बाहेर मांडवात तिला हाका मारत होते आणि तिची कंबर दाराकडं वळलेली होती. वळायलाच पाहिजे होती. मी म्हणालो, "जा. तुझी कंबर तिकडं हाय, मला दिसतंय. चढाई संपली."

ती डोळे पुसत हसत बाहेर गेली. मी आतून कडी लावली आणि बाय गेल्यापासूनचं सगळं रडून घेतलं. आता रडायला हरकत नव्हती. मी रडल्यावर वाकणारं समोर कोणी नव्हतं.