दुमडलेली अनामिका

मालिनी देवस्थळीला कुणी विचारलं की तुम्ही जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला नेमकं काय करता, तर ती हसून म्हणायची, "तुलना करते."

गाड्यांसाठी वायर हार्नेस, म्हणजे दिव्यांपासून दारांपर्यंत जाणाऱ्या वायरींच्या जुड्या, बनवणाऱ्या एका कंपनीत ती कॉस्टिंगला होती. या जुड्या बऱ्याचशा हातानंच बांधाव्या लागतात. कंपनीचा एक कारखाना मोरोक्कोत मेक्नेसजवळ होता, दुसरा ट्युनिशियात. मोरोक्कोत आठवडा चव्वेचाळीस तासांचा, ट्युनिशियात अठ्ठेचाळीस. आणि मजुरी ट्युनिशियात बरीच कमी. मोरोक्कोतलं काम तिकडे हलवावं का, हे मालिनीच्या तुलनेवर ठरायचं होतं.

"नुसती मजुरी आणि तास काय बघायचे?" ती तिच्या साहेबाला, ब्रिंकमानला म्हणाली. "त्या तासात काम होतं किती, तेही बघायला हवं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "बघा."

दोन्हीकडून कामाच्या क्लिप्स यायच्या. डाटेनशुत्झ, म्हणजे कुणाची ओळख उघड न करण्याचा नियम, म्हणून चेहरे कापलेले असायचे. दिसायचे ते फक्त हात, कोपरापर्यंत. मालिनी ते बघून वेळ मोजायची. मोरोक्कोच्या क्लिप्समध्ये एका बाईचे हात आले आणि ती घड्याळ दाबायचं विसरली. वायर उचल, कनेक्टरमध्ये खुपस, टिक् ऐक, ओढून बघ. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला वरचं पेरच नव्हतं. ते आखूड बोट वायरीला मागून असा काही रेटा द्यायचं की ती आपोआप जागेवर बसायची.

मालिनीनं अहवालात लिहिलं, की असे हात असतील तर मोरोक्कोचा तास महाग नाही. मीटिंगमध्ये मुद्दाम ती क्लिप लावली. आपण एक कारखाना वाचवला असं तिला मनोमन वाटत होतं.

ब्रिंकमाननं क्लिप दोनदा बघितली. मग म्हणाला, "आल्झो, मग हे तर शिकवता येईल."

पंधरवड्यात त्या बाईला ट्युनिशियात पाठवलं, तिथल्या मुलींना शिकवायला. त्या शिकल्या की मोरोक्कोचं काम तिकडे जाणार होतं.

त्यानंतर ते हात मालिनीच्या मागे लागले. शेजारच्या ब्राउनश्वाइग गावातल्या घरी कणीक मळताना तिचं करंगळीशेजारचं बोट आपसूक दुमडायचं. गाडी चालवताना स्टिअरिंगवर तेच. ऑफिसात शेजारचा कीबोर्ड बडवत असला की तिला टिक्, टिक् असं काहीतरी वेगळंच ऐकू यायचं. मराठी समजूनही जर्मनमध्येच बोलणारी लेक ऊर्जा एकदा तिच्या हाताकडे बघत म्हणाली, "आई, वास माख्स्ट डू डा?" तू हे काय करतेयस? मालिनीनं हात ओट्याखाली नेला.

एका दुपारी ट्राममध्ये समोर एक बाई बसली होती. तिच्या हातमोज्याच्या एका बोटाचं टोक पोकळ लोंबत होतं. बाई उतरली तशी मालिनीही उतरली, चालत राहिली, नको त्या गल्लीत शिरली. शेवटी बाईनं वळून विचारलं, काही हवंय का? म्हातारी जर्मन बाई. मोजे तिला मोठे होत होते, इतकंच.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. श्यामकांत ऐकून म्हणाला, "अगं, निर्णय तू कुठे घेतलास? तू फक्त आकडे दिलेस."

"आकडे कुणीही दिले असते," ती म्हणाली. "मी बोट दाखवलं."

शेवटी तिनं ट्युनिशियाचा दौरा मागून घेतला. वेळा जागेवर तपासते म्हणाली.

कारखाना स्वच्छ होता, हवेशीर. सूआद नावाच्या सुपरवायझर बाईंनी, बऱ्यापैकी जर्मन बोलणाऱ्या, तिला ओळीतून फिरवलं. लांबलचक फळ्यांपुढे मुली उभ्या होत्या. मालिनीनं सवयीनं आधी हात बघितले आणि जागच्या जागी थांबली.

पहिल्या मुलीचं करंगळीशेजारचं बोट दुमडलेलं होतं. दुसरीचंही. तिसरीचंही. ओळीच्या टोकापर्यंत सगळ्यांची ती बोटं वरच्या पेरात वाकवलेली, आणि त्या वाकड्या बोटानंच वायर मागून रेटलेली. सगळ्या मुलींची बोटं धडधाकट होती. काहींच्या सांध्यावर घट्टे पडले होते.

"हे असं का?" मालिनीनं विचारलं.

"शिकवायला आलेली बाई असंच करायची," सूआद म्हणाल्या. "तिला पेरच नव्हतं. मुलींना वाटलं, हीच रीत असणार. मी किती सांगितलं, बोट सरळ ठेवा."

त्यांनी जवळच्या मुलीला खूण केली. मुलीनं लाजून बोट सरळ केलं. वायर दोनदा निसटली. तिसऱ्या वेळी बोट आपणहून दुमडलं आणि टिक् झालं. मुलीनं घाबरून सूआदकडे बघितलं.

 ज्या बाईला शोधायला ती आली होती ती तिथे नव्हती, आणि त्या ओळीत त्या बाईच्या हातांशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

"तिचं नाव काय?"

"इत्तो. शिकवून झाल्यावर परत गेली ती. आता कारखान्यातही नाही, तिकडचं काम बंद झालं ना."

मालिनीला हे माहीत होतं.  केबिनमध्ये गेल्यावर ती म्हणाली, "तिला फोन लावाल?"

इत्तोनं फोन उचलला. मागे माणसांचा गलका होता. ती आता क्लेमेंटाइन संत्री पेट्यांत भरत होती. सूआद मधे बसून एकीचं दुसरीला सांगत होत्या.

"तिथे तास किती?" मालिनीच्या तोंडून नेहमीचाच प्रश्न गेला.

"ट्रक भरेपर्यंत," इत्तो म्हणाली.

मग मालिनीनं सांगून टाकलं. की जर्मनीत बसून तुझे हात मी बघितले, मीच ते साहेबाला दाखवले. हे सांगायचं का, म्हणून सूआदनी आधी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी सांगितलं. 

"म्हणजे खरंच कुणीतरी बघत होतं," इत्तो म्हणाली. "आम्ही म्हणायचो, त्या कॅमेऱ्यामागे कुणी नसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. तिनं विचारलं, "तुझा आठवडा किती तासांचा?"

"पस्तीस."

हे मात्र सूआदनी लगेच सांगितलं नाही.  इत्तोनं पुन्हा विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला. इत्तो काहीतरी बोलली, पण तोवर तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. ती काय म्हणाली ते सूआदना ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल. मालिनीनं विचारलं नाही.

परत आल्यावर तिनं कॉस्टिंग सोडून क्वालिटीत बदली मागितली. ब्रिंकमाननं हरकत घेतली नाही. इत्तोला शिकवणारी म्हणून कायम ठेवा, असंही तिनं लिहून दिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही. मालिनीची कॉस्टिंगमधली खुर्ची पुण्याहून नुकत्याच आलेल्या तनयला मिळाली. हुशार मुलगा, मेहनती. वसंतात त्याच्याकडे नवी तुलना आली, ट्युनिशिया आणि इजिप्त.

"मालिनीताई," एका सकाळी तो तिच्या टेबलाशी आला, "जरा येता का? ट्युनिशियाच्या क्लिपमध्ये एकीची गती विचित्रच आहे. भन्नाट!"

ती नाहीच म्हणणार होती. तरी गेली. पडद्याकडे न बघता त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"ही कोण आहे?" तिनं विचारलं.

"नावं नसतात हो. डाटेनशुत्झ."

"मग तिला विचार, फक्त कुठे लिहू नकोस. साहेबाला ही क्लिप दाखवायच्या आधी तिच्याशी बोल, तिला बघणारं कुणीतरी आहे हे सांग. कारखान्यात सूआदबाईंना फोन लाव."

तनयला काही कळलं नाही, पण ताईंचा चेहरा बघून त्यानं फोन लावला. पलीकडे रिंग जात राहिली. बराच वेळ कुणी उचललं नाही. तो ठेवू लागला तेव्हा मालिनी म्हणाली, "थांब, वाजू दे."