सोमवारचा पासवर्ड

दापोड्याच्या आमच्या गोदामात सोमवार उजाडला की माझा फोन वाजायचा. कामाचे निरोप आणि गप्पा ज्या ॲपवर चालत, ते रविवारच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढायचं आणि सोमवारी पुन्हा पासवर्ड मागायचं. तो कोणाच्या लक्षात राहील तर शपथ. संगणकांची देखभाल माझ्याकडे, त्यामुळे डोकेफोडही माझीच.

पहिला फोन ठरलेला, डिस्पॅचच्या ताईंचा. त्या इथल्याच, खाडीकाठच्या घरच्या.

"सर, परत उघडत न्हाय हो."

"पासवर्ड विसरता, सुट्टी कधी विसरत नाही," मी करवादायचो. मग विचारायचो, "डब्यात काय आणलंय?" जे सांगतील तोच त्यांचा नवा पासवर्ड करून द्यायचो, म्हणजे निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी आठवेल. सोमवारी मासळी नाही, म्हणून कधी वाल, कधी शिराळी, कधी दुधी.

"आनि तुमच्या?" त्या विचारायच्या.

खानावळीच्या डब्याचं झाकण न उघडताच मी सांगायचो, "बटाटा." दर वेळी त्या हसायच्या.

बायको गेल्यापासून निजामपुऱ्यातल्या घरी मी एकटाच असतो. एरवी गल्लीतल्या लूमची खडखड सोबतीला असते. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी घर खायला उठतं. मी काय जेवलो हे विचारणारं आठवड्यातून एकच माणूस होतं, आणि त्या फोनची मी रविवारपासून वाट पाहायचो.

यंदा वरून हुकूम आला, ॲपचे वेगळे पासवर्ड बंद करा. सकाळी संगणक सुरू करताना कंपनीचं जे लॉगिन करतो, त्यावरच ॲपही उघडलं पाहिजे. काम अर्थात माझ्याच गळ्यात. एकेक जुनं खातं नव्या लॉगिनला जोडायचं, चालतंय का पाहायचं, पुढचं घ्यायचं. ताईंचं खातं मी मुद्दाम मागे ठेवत गेलो, पण ठेवून ठेवून किती ठेवणार? शनिवारी तेही जोडलं आणि जुनी पद्धत बंद करून टाकली.

सोमवारी कोणाचाच फोन नाही. साहेब येऊन पाठ थोपटून गेले. फोनला रेंज आहे ना, हे मी दोनदा पाहिलं.

मग तो वाजला. ताईंचाच होता. उचलायच्या घाईत चहा टेबलावर सांडला.

"उघडत नाही ना?" माझ्या आवाजातला आनंद मला लपवता आला नाही.

"न्हाय सर, लगेच उघडला. तेच सांगायला फोन केला. आता तुमच्या डोक्याला ताप न्हाय."

"बरं झालं," मी म्हणालो.

ताप कसला, असं म्हणायला हवं होतं. तोवर त्यांच्याकडे माल भरायला गाडी लागली आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी डब्यात काय आणलं होतं, ते मला कळलं नाही.