विमानतळावरच्या घारी

पोलादपूरच्या वरच्या माळावर छोटा विमानतळ झाला, तेव्हा ज्यांची वरकस जमीन त्यात गेली त्यांत मोरूही होता. त्याला तिथेच काम मिळालं. विमान उतरायच्या आधी फटाके फोडून धावपट्टीवरचे पक्षी हाकायचे. विमान दिवसाला एकच यायचं, पण मोरू खाकी टोपी घालून सकाळपासूनच हजर.

पावसाळा सरला आणि कुंपणाशी घारी घिरट्या घालू लागल्या. मोरूने जाऊन पाहिलं तर गवतात कोंबडीची आतडी. त्याने ती पुरली, तर पुन्हा तेच. एकदा तर उतरता उतरता विमानाला परत वर जावं लागलं.

व्यवस्थापक आमोद साहेबांनी त्याला बोलावलं. "हे कोण करतंय, मोरू?"

"नाय माहीत, साहेब."

"घारी वाढल्या तर फायदा कोणाचा, ते मला कळतं," साहेब रोखून पाहत म्हणाले. "तुझं कंत्राट संपत आलंय ना?"

मोरूच्या अंगाचा तिळपापड झाला. हा मंगेशच! फाट्यावर त्याचं चिकनचं दुकान, आणि विमानतळाविरुद्ध सगळ्यात जास्त ओरडला होता तोच. मोरूने तडक जाऊन गिऱ्हाइकांदेखत त्याची गचांडी धरली.

मंगेशने हात झटकला. "येडा झालास काय रे? ती घाण तुझी बायको, आवडीच नेते. कुत्र्यासाठी म्हणून."

मोरूच्या घरी कुत्रं नव्हतं.

आवडी तांदूळ पाखडत बसली होती. त्याने विचारलं, तरी तिने मान खाली घातली नाही. "घारी नसल्या तर तुला कशाला ठेवतील? जमीन गेलीच. आता कामबी जाऊ द्यायचं?"

"विमानात माणसं असतात गो!"

तिच्या हातातलं सूप थांबलं.

दुसऱ्या दिवशी मोरूने साहेबांना खरं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बायकोला हे सुचवलं कोणी?"

मोरू शपथा घेत राहिला. कंत्राट गेलं ते गेलंच. टोपी परत केल्यावर साहेबांनी फाटकापर्यंत रखवालदार सोबत धाडला, जणू मोरू जाता जाता काही उचलून नेणार होता.

तिथून तो मंगेशकडे गेला. "माझं चुकलं रे."

मंगेशने सुरी पुसली, बाक पुढे सरकवला. "बस. पण एक सांग, साहेबाकडं माझं नाव तर नाय ना घेतलंस?"

"नाय."

मंगेश त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला, साहेबांसारखाच रोखून.