आत्याच्या इयरफोनचा जोड

इथले गूढ अनुभव मी वाचतो, पण त्यांवर विश्वास कधीच ठेवला नाही. हिशेब तपासायची नोकरी, आणि सुट्टीला लोणावळ्याच्या घरी छोटी सर्किटं जोडायचा छंद... मीटर दाखवेल तेच खरं, एवढंच मला कळतं. या वेळी घोटाळा मीटरनेच केला.

माझी आत्या सुदुंबऱ्याला राहायची. आतेभाऊ नवलाख उंबरे गावाकडे एका कारखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा घरात आवाज नको. आत्याचा रेडिओ इयरफोनवरच चालायचा. गुडघे गेल्यापासून तिला तेवढीच सोबत. एकदा गेलो तर इयरफोनची वायर तुटलेली.

"सुन्या, तुला यातलं कळतं न्हवं? दे की जोडून. एकलीला दुपार खायला उठती बघ."

इयरफोनच्या आतल्या तारा केसाएवढ्या बारीक, आणि प्रत्येकीवर लाखेसारखा रंगीत थर असतो. तो जाळून काढल्याशिवाय जोडातून आवाज जातच नाही. हे मला पक्कं माहीत होतं. सोल्डरिंगचं सामान घरी राहिलं होतं, तरी थर जाळायला चुलीजवळची काडेपेटीही पुरली असती. पण मला निघायची घाई. तारा नुसत्या पिळल्या, टेप गुंडाळली. कानाला लावूनही पाहिलं नाही.

"झालं, आत्या."

पुढच्या वेळी गेलो तर ती इयरफोन लावून दारात बसलेली. मला बघताच हसली, एक टोक माझ्या कानात घातलं.

"ऐक."

जुनं गाणं... अगदी स्वच्छ. आत्या पायाने ठेका धरत होती. मला वाटलं, पिळताना थर खरवडला गेला असेल. माझं काम वाचलं!

"आज तू आलास तर लय छान येतंय रं."

"माणूस जवळ बसला की सिग्नल सुधारतो, आत्या. ही वायरच अँटेना असते."

"व्हय का? मंग येत जा की जरा, अँटेना."

दोघंही हसलो. त्यानंतर मी फारसा गेलो नाही. सुट्टीचा दिवस माझ्या सर्किटांत जायचा.

आत्या गेल्यावर तिच्या सुनेने, वहिनींनी, तो रेडिओ इयरफोनसकट मलाच दिला. घरी येऊन जोडावरची टेप सोडली. तारा सुट्या झालेल्या. टेप काढताना सुटल्या असतील, म्हणून भिंगाखाली धरल्या – थर जसाच्या तसा, एकीवरही ओरखडा नाही. पुन्हा पिळून पाहिल्या. मीटर गप्प. रेडिओला लावल्या. दोन्ही कान बंद. मग थर जाळून नीट सोल्डर केलं, तेव्हा कुठे आवाज आला.

म्हणजे त्या जोडातून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. आणि मी तर गाणं ऐकलं होतं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो, तेव्हा वहिनींना विचारलं, "मी नसताना आत्या रेडिओ लावायची?"

"रोज, भावजी. दुपारभर कानात घालून बसायच्या."

"काय लागलंय, ते सांगायची?"

"न्हाई बा. तुमी येऊन गेलात त्या दिशी तेवढं गाण्याचं बोलल्या. येरवी गप. नजर रस्त्याकडं."

ते गाणं कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. बाकीच्या दुपारी तिला काय ऐकू येत होतं, ते मात्र सांगता येतं.